महाडला जावे काय?

आम्ही उभयता याच विद्यालयाच्या वसतिगृहात वाढलो. निवृत्तीनंतर मुंबई सोडून महाडला राहावयास जावे काय, या प्रश्नाने दोन वर्षे आम्हांला घेरले आहे. महाड आम्हांला प्रथम इथल्याच वर्गात भेटले: २० मार्च १९२७, चवदार तळे. त्या तळ्याकाठी रोज सकाळी फिरावयास जाता यावे, हा मोह लहान नव्हे. लोकलची रेटारेटी सुटेल, अंगणही मिळेल.

पण सावित्री नदीही तिथेच आहे. पाहिलेल्या एका घराच्या भिंतीवर जुलै २०२१ च्या पुराची रेघ आमच्या खांद्याच्या वर होती. मोठ्या इस्पितळासाठी पुन्हा मुंबईच गाठावी लागणार.

मन अडले ते मात्र निराळ्याच ठिकाणी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाचा खरपूस समाचार घेतला होता. आमच्या वडिलांची पिढी गाव सोडून गिरणीत आली, ती केवळ पोटासाठी नव्हे. महाड खेडे नव्हे, शहर आहे, असे आम्ही एकमेकांस समजावीत होतो. तरी एका घरमालकाने पाण्याआधी आडनाव विचारले, मग मूळ गाव. (मुंबईतही विचारतात, तिथे ते काम दलाल करतो.) परतीच्या एस.टी.त आम्ही बोललो नाही.

दुसऱ्या खेपेस आडनाव आम्हीच आधी सांगितले. अकरा महिन्यांचा भाडेकरार झाला आहे. मुंबईची खोली अद्याप विकलेली नाही.