गाडी कुठं जाणार, आत कोण बसणार?

ऑफ-रोडिंगच्या कुठल्याही ग्रुपमध्ये नवीन गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लिफ्ट किती केलीस?’ मायलेज नाही, इंजिन नाही, डायरेक्ट लिफ्ट! दोन इंच, तीन इंच... गाडी जेवढी उंच तेवढा तिचा मालक भारी, असा साधासोपा फण्डा. माझ्याकडे 2012 ची सेकंडहॅण्ड जिप्सी आली तेव्हा मलाही तेच विचारलं गेलं. मी म्हटलं, ‘शून्य. आणि शून्यच राहणार.’ त्यानंतरची शांतता बघण्यासारखी होती.

त्या शून्यामागे एक कारण आहे, माझी आई. ती वेल्ह्याच्या पुढे, आमच्या गावी राहते. तिच्या मणक्यात गॅप आहे आणि फिजिओथेरपीसाठी तिला महिन्यातून दोनदा पुण्याला यावं लागतं. गावाचे शेवटचे चार किलोमीटर म्हणजे नुसते दगडगोटे. जिप्सीतून तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा उतरताना ती म्हणाली, ‘दुखणं परवडलं गं बाई, पण ही गाडी नको.’ मला वाटलं, गंमत करतेय. पण पुढच्या दोन अपॉइण्टमेण्ट तिनं सरळ बुडवल्या. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, व्यायामात खंड पडला तर पायातली ताकद कमी होत जाईल.

दुसरी गाडी घ्यायची म्हणजे अजून एक ईएमआय. फ्रीलान्सरकडे बँका कुठल्या नजरेनं बघतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे वीकेण्डचा चिखल आणि आईचा मणका, दोन्ही याच गाडीनं सांभाळायचं होतं. मग काय, सस्पेन्शन शिकणं आलं.

बेसिक गोष्ट अशी. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती परतही करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चेंडूसारखी उडत राहील. तिला आवरायचं काम शॉकअपचं. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या उड्यांची उष्णता होऊन जाते. शॉकअप दाबला जाताना किती अडवतो आणि परत उघडताना किती अडवतो, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सगळी सेटिंगची मारामारी याच दोन गोष्टींवर आणि स्प्रिंगच्या कडकपणावर चालते.

आता गंमत म्हणजे प्रत्येक जमिनीची मागणी वेगळी.

दगडांत गाडी चालण्याच्या स्पीडनं जाते. तिथं एक चाक वर चढलं तरी दुसरं खाली जमिनीला टेकलेलं हवं, नाहीतर ते हवेत गरगर फिरत बसतं. त्यामुळे स्प्रिंग मऊ हवी आणि चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा हवी. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन चाकांमध्ये अँटी-रोल बार नावाची दांडी असते. हायवेवर ती देवासारखी, पण दगडांत चाकांचे पाय बांधून ठेवते. जीप रॅंग्लर रूबिकॉनमध्ये पुढचा बार बटण दाबून सोडता येतो. परत जोडल्याशिवाय हायवेला मात्र लागायचं नाही.

वाळूचा हिशोब वेगळा. जैसलमेरजवळच्या सम इथल्या टेकड्यांवर पुढची स्प्रिंग फार मऊ असेल तर माथा ओलांडताना गाडी नाक खाली घालते आणि बंपर वाळूत रुततो. तिथं पुढून जरा कडक सेटिंग बरं. पण वाळूतला खरा हीरो म्हणजे टायरची हवा. ती 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. टपावरचा जड कॅरियर आधी काढा, तो फक्त फोटोत चांगला दिसतो.

कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा पडतात, तिथं शॉकअपची परीक्षा असते. तो उघडायला फार वेळ लावत असेल, तर पुढची लाट येते तेव्हा चाक अजून वरच अडकलेलं असतं. गाडी लाटेगणिक थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरी स्टॉपवर धाडकन आपटते. असंच तासभर चाललं की शॉकअपमधलं तेल तापून फेसाळतं आणि त्याचा जोर जातो. नायट्रोजन भरलेल्या गॅस शॉकअपमध्ये हा फेस कमी होतो. पैसे टाकायचेच असतील तर इथं टाका.

आणि आपला लाडका चिखल! लिफ्टवाल्यांचं सगळ्यात मोठं समर्थन इथंच असतं. पण जिप्सीसारख्या गाडीचा अ‍ॅक्सल म्हणजे एक सलग दांडा, त्याच्या पोटात डिफरन्शियलचा गोळा. स्प्रिंग उंच केली की वरची बॉडी उचलली जाते, गोळा आहे तिथंच राहतो. त्याला उचलायचं तर टायरच मोठे हवेत. शिवाय गाडी उंच झाली की तिचा तोल वर सरकतो आणि आडव्या उतारावर ती उलटण्याची भीती वाढते. कायद्याचंही बघा. गाडीच्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बंधनं आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यावर शिक्कामोर्तब केलंय. तेव्हा किट मागवण्याआधी आरटीओत चौकशी करा.

आता माझ्या जिप्सीकडे. हिला चारही चाकांना पाटे आहेत. पाट्यांची गाडी भरलेली असली की छान चालते, रिकामी असली की खेचरासारखी उधळते. कात्रजच्या अलीकडे एक गॅरेजवाले चाचा आहेत. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारली आणि म्हणाले, ‘ताई, लिफ्टचं राहू द्या. हे पाटे एकमेकांना गंजून चिकटलेत. ते सरकतच नाहीत, मग धक्का कोण खाणार? पाठ.’

पाटे एकावर एक सरकले तरच वाकतात, हे मला तेव्हा कळलं. चाचांनी चारही सेट उतरवले, एकेक पाटा घासून ग्रीस लावलं, झिजलेले रबरी बुश बदलले आणि जुन्या शॉकअपच्या जागी गॅसचे बसवले. मागचा एक पाटा काढून टाकू का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, ‘काढता येईल, पण मग चार माणसं आणि सामान घेऊन कुठं जाऊ नका.’ पाटा जागेवरच राहिला.

बाकीचं काम हवेनं केलं. डांबरी रस्ता संपला की मी टायर 20 पीएसआयवर आणते आणि अगदी हळू चालवते. परत डांबरावर आले की छोट्या कंप्रेसरनं पूर्ववत भरते. हे विसरायचं नाही, कमी हवेचा टायर स्पीडला तापतो आणि फुटू शकतो.

सेटिंग बरोबर झालंय की नाही हे कळायला लॅब लागत नाही. शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्याला एक केबल टाय बांधा. फेरी झाली की तो कुठवर सरकलाय ते बघा. टोकाला गेला असेल तर गाडी आपटतेय. अर्ध्यावरच थांबला असेल तर सस्पेन्शन गरजेपेक्षा कडक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

माझा केबल टाय म्हणजे आई. नव्या सेटिंगनंतर तिला आणायला गेले तेव्हा ती आधीच हॅण्डल पकडून, दात आवळून बसली होती. दगडांचा पट्टा सुरू झाला. साधारण अर्ध्या वाटेत तिनं हॅण्डल सोडलं आणि पिशवीतून शेंगदाणे काढले. ‘रस्ता केला का गं यांनी?’ असं तिनं विचारलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर तिची एकही अपॉइण्टमेण्ट बुडलेली नाही.

ग्रुपमध्ये अजूनही माझी गाडी सगळ्यात बुटकी आहे. काही अवघड चढ मी सोडून देते, बाजूला उभी राहून बाकीच्यांचे फोटो काढते. चालतं मला. सगळ्या रस्त्यांवर बेस्ट असं सेटिंग जगात नाही. एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावंच लागतं. तेव्हा दोस्तहो, किटचा कॅटलॉग उघडण्याआधी दोनच प्रश्न स्वतःला विचारा: गाडी वर्षातले जास्तीत जास्त दिवस कुठं जाणार आहे? आणि शेजारच्या सीटवर कोण असणार आहे? इंच नंतर मोजता येतील.