सिनेमाचा खेळ

आमच्या लहानपणी सिनेमाला 'खेळ' म्हणत. तीनचा खेळ, सहाचा खेळ, आणि वडील खुशीत असले तर रात्री नऊचा. त्या खेळात आपण खेळायचे मात्र काहीच नसे. अंधारात गप्प बसायचे, घाबरायचे, रडायचे, आणि दिवे लागले की डोळे पुसून बाहेर पडायचे. आता गाजलेल्या चित्रपटांवर व्हिडिओ-गेम निघतात आणि तो जुना शब्द अक्षरशः खरा होतो. नायक तुम्ही. पडलात तर तुम्हीच पडलात. दुसऱ्याच्या नावाने रडायची सोय नाही.

अशा खेळाकडून रसिकाला हवे तरी काय असते? या विषयात माझा पुतण्या माझा गुरू. तो म्हणतो, "काका, तीच गोष्ट परत कशाला हवी? मला तिथं जायचंय." मला हे पटते. कीर्तनात सीतास्वयंवर लागले की धनुष्य रामानेच मोडले पाहिजे. बुवांनी तिथे नवे काही घातले तर श्रोते उठून जातील. या खेळांत उलट आहे. पुढे काय होणार हे ठाऊक असले तर मजाच गेली. पण गाव मात्र तेच हवे. तोच प्रकाश, तेच आवाज, दाराची तीच करकर.

हे साधे मागणे पुरवताना भले भले कोसळले आहेत. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ई. टी.' १९८२ च्या जूनमध्ये आला आणि जगभरच्या मुलांना वेड लागले. त्या नाताळात त्याचा खेळ दुकानात हवाच, असे अटारी कंपनीने ठरवले. करार व्हायलाच जुलै उजाडला होता. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ नावाच्या एकट्या माणसाच्या हाती सुमारे पाच आठवडे पडले. पाच आठवड्यांत आमच्याकडे धड लग्नही ठरत नाही! चंद्रावरून उडणारी ती सायकल मनात धरून मुलांनी खेळ लावला, तर बिचारा ई. टी. पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडे आणि मान लांब करून वर येई. आला की पुन्हा खड्डा. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरला गेला. २०१४ च्या एप्रिलात तो उकरला, तेव्हा वॉर्शॉ स्वतः तिथे हजर होता. हा गृहस्थ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला. दुसऱ्यांच्या अपेक्षांचे ओझे काय असते, हे त्याच्याइतके कोण जाणणार?

घाई न करणाऱ्याला लोक क्षमा करतात. जेम्स बाँडचा 'गोल्डनआय' चित्रपट १९९५ चा, खेळ आला १९९७ मध्ये. तो उशीर आज कुणाच्या लक्षातही नाही. एका पडद्याचे चार भाग करून चौघांनी एकमेकांना गोळ्या घातलेल्या संध्याकाळी तेवढ्या लक्षात आहेत.

पण मला खरे सांगायचे आहे ते 'एलियन'बद्दल. रिडली स्कॉटचा हा चित्रपट १९७९ चा. मी आणि माझ्या दादाने तो पाहिला पुढे काही वर्षांनी, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. कॅसेट झिजलेली, चित्रावर आडव्या रेघा नाचत होत्या. दादाने दिवा घालवला. ते जनावर सबंध चित्रपटात दिसते किती थोडे! पण भिंतीमागे ते आहे, एवढ्यावर आम्ही दोघे बाप्ये उशा पोटाशी धरून बसलो. पुढे दादा आपल्या मुलाला निजताना ही गोष्ट सांगे. वहिनी रागवायच्या, मुलगा म्हणायचा, "बाबा, भिंतीमागचं सांगा." २०११ साली दादा गेला.

याच मालिकेवरचा 'कलोनियल मरीन्स' २०१३ मध्ये आला आणि खेळणारे भडकले. त्यातली जनावरे भिंतीमागे नव्हतीच; वेंधळ्यासारखी समोर येत आणि मरत. मोठी मौज म्हणजे २०१८ मध्ये सगळीकडे बातमी झाली, की त्यांच्या वागण्याच्या सूचनांत एका शब्दात एक अक्षर जास्त पडले होते. ते काढल्यावर जनावरे बरीच शहाणी झाली. पाच वर्षांनी!

मग २०१४ च्या ऑक्टोबरात 'एलियन : आयसोलेशन' आला. ऐतिहासिक लढायांचे खेळ करणाऱ्या एका इंग्लिश मंडळीने तो केला. मूळ चित्रपटाची सामग्री त्यांनी पुढ्यात घेतली. खेळातल्या यंत्रांचे पडदे जुने दिसावेत म्हणून ती चित्रे खरोखरीच व्हिडिओ कॅसेटवर उतरवून, जुन्या टीव्हीवर हलवून-बिघडवून पुन्हा टिपली. त्या आडव्या रेघा पाहून मी चपापलो. आमच्याच कॅसेटवरच्या वाटल्या.

यात एका अंतराळस्थानकात बहुतेक वेळ ते एकच जनावर तुमच्या मागावर असते, आणि त्याला मारता येत नाही. कपाटात लपायचे. हातातले यंत्र त्याची चाहूल देते, पण यंत्राचा आवाज त्यालाही ऐकू जातो. नायिका अमांडा, म्हणजे चित्रपटातल्या रिप्लीची मुलगी. आई बेपत्ता होऊन पंधरा वर्षे झाली आहेत. तिच्या जहाजाची नोंदपेटी सापडली असे कळते, म्हणून ही निघाली आहे. आईचे काय झाले एवढेच तिला हवे आहे.

पुतण्या दिवा घालवून खेळला. मी शेजारी. कपाटाच्या फटीतून ती लांब शेपटी सरपटत जाताना दिसली, तेव्हा त्याने खेळ थांबवला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा सांगायचे ते अगदी असंच." मीही काही बोललो नाही. वहिनींनी आतून विचारले, "अंधारात काय करताय रे दोघं?"

२०२४ च्या ऑक्टोबरात, बरोबर दहा वर्षांनी, याचा पुढचा भाग करायला घेतल्याचे जाहीर झाले. पुतण्या आता नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. मला वाटले, आनंदाने नाचत असेल. रात्री त्याचा फोन आला. "काका, त्यांना कुणीतरी सांगा हो, सावकाश करा म्हणावं. आम्ही थांबतो."