सापाच्या प्रवासाची आखणी

उत्तर व्हिएतनाममधील सापा या सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या गावाचा प्रवास आखताना प्रथम ऋतूचा विचार करावा लागतो, कारण थंडीमुळे तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या भातशेतीत वर्षाला एकच पीक निघते. मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरून लावणी होते आणि सप्टेंबरच्या सुमारास भात कापणीस येते. फ्रेंच राजवटीत थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित झालेल्या या गावाभोवती ह्मोंग, दाव, ताय अशा समाजांच्या वस्त्या असून देशातील बहुसंख्य किन्ह समाजाहून त्यांच्या भाषा आणि चालीरीती वेगळ्या आहेत.

ह्मोंग स्त्रिया भांगेच्या झाडाच्या सालीपासून सूत काढून कापड विणतात, त्यावर वितळलेल्या मेणाने नक्षी रेखतात आणि ते निळीच्या द्रावणात वारंवार बुडवतात. मेणाखाली रंग चढत नाही, म्हणून मेण काढल्यावर नक्षी फिकट उठून दिसते. ही मेहनत ज्याला ठाऊक आहे, त्याने असे कापड घेताना घासाघीस करणे अशोभनीय ठरेल.

2014 मधील द्रुतगती मार्गाने हनोईहून येणे सुकर झाले, तर 2016 मध्ये सुमारे 3,147 मीटर उंचीच्या फान्सिपान शिखराजवळ रोपवे पोहोचला आणि पर्यटकांची वर्दळ वाढली. म्हणूनच ता वानसारख्या खेड्यात गावकऱ्यांच्याच घरी मुक्काम करणे, स्थानिक वाटाड्या घेणे आणि परवानगीशिवाय कोणाचेही छायाचित्र न काढणे, या गोष्टी प्रवासाच्या आराखड्यात आरंभापासूनच असाव्यात. ज्यांच्या श्रमांनी ते डोंगर देखणे झाले, त्यांचा मान आणि मोबदला त्यांनाच मिळाला पाहिजे.