लंडनची दैनंदिनी (भाग 3) : वेस्टमिन्स्टरमध्ये मराठवाड्याचा हिशेब

सोमवार

मागच्या भागात जळकोट, उदगीर, बीदर करत हैदराबाद गाठल्यापासून हॅरोला लेकीच्या घरी पोचेपर्यंतचं लिहिलं. आजपासून शहराच्या पोटात शिरलो. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट, तिथे गाडी बदलून वेस्टमिन्स्टर. सोबत सौ. लेकीने कागदावर सगळं लिहून दिलं होतं, वाट चुकायची सोयच नव्हती.

स्टेशनाच्या पायऱ्या चढून वर आलं की मान आपोआप वर जाते. 96 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा अंगावरच येतो. बिग बेन हे खरं आतल्या घंटेचं नाव, वजन साडेतेरा टनांच्या वर. बाराचे टोल ऐकले. फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड की आम्ही लवकरच चौकात सरकलो. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये चर्चिल आहेत, लिंकन आहेत, मंडेला आहेत आणि 2015 पासून शाल पांघरलेले गांधीजीही आहेत. चर्चिल आणि गांधी एकाच हिरवळीवर उभे बघून बराच वेळ तिथून हललो नाही.

दुपारी संसदेत गेलो. चर्चा ऐकायला पैसे पडत नाहीत. रांग लावायची, तपासणी करून घ्यायची. आत जाताना वेस्टमिन्स्टर हॉल लागतो. 1097 सालचं हे दालन, वरचं लाकडी छत तीनशे वर्षांनंतरचं. मध्ये एकही खांब नाही. याच दालनात 1788 ते 1795 अशी सात वर्षं वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालला. हिंदुस्थानात केलेल्या लुटीचा जाब इथे विचारला गेला आणि शेवटी तो निर्दोष सुटला. तीस वर्षं हा धडा वर्गात शिकवला. आज त्या फरशीवर उभा राहिलो. सभागृहातली चर्चा कुठल्याशा करासंबंधी होती, फारशी कळली नाही. पण समोरचा मंत्री विरोधकांचं पूर्ण ऐकून घेऊन मग उत्तराला उठत होता, ते आवडलं.

मंगळवार

आज व्हाइटहॉल. डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकापुढे नेहमीची गर्दी. ते ओलांडून किंग चार्ल्स स्ट्रीटवर वळलो. रस्त्याच्या टोकाला रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आणि त्याच्या पाठीशी जुन्या इंडिया ऑफिसची इमारत. कलकत्ता, मुंबई, मद्रासच नव्हे, तर संस्थानांचंही भवितव्य इथल्या टेबलांवर ठरे. हैदराबादचा रेसिडेंट जे लिहून पाठवी ते व्हाइसरॉयमार्फत शेवटी इथे येई. आमच्या उदगीर-जळकोटकडच्या कुणब्याला या दाराचं नावही ठाऊक नव्हतं.

तिथून नदीकाठच्या व्हाइटहॉल गार्डन्समध्ये गेलो. बाग लहान, नीटनेटकी. तीन पुतळ्यांपैकी दोन थेट आपल्या इतिहासातले: सर बार्टल फ्रिअर आणि सर जेम्स आउट्रम. दोघेही साताऱ्यात इंग्रजांचे रेसिडेंट होते. फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. आउट्रमने त्याआधी खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती.

या दोघांना बघताना डोळ्यांपुढे आले ते रंगो बापूजी गुप्ते. छत्रपती प्रतापसिंहांना 1839 मध्ये गादीवरून उतरवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला आला आणि 1853 पर्यंत इथेच कंपनीच्या दारात उभा राहिला. इंग्रजीत निवेदनं छापली, सभांमधून भाषणं केली, कर्जात बुडाला. मधल्या काळात, 1847 मध्ये, महाराज काशीला वारले. पुढच्या वर्षी सातारा खालसा झालं. तरी यांनी धरणं सोडलं नाही. रिकाम्या हाताने परतले आणि 1857 मध्ये त्यांच्या मुलाला, सीतारामला, साताऱ्यात फाशी दिली गेली. रंगो बापूजी त्यानंतर कुणाला सापडले नाहीत. आउट्रम आणि फ्रिअर यांचे पुतळे नदीकडे बघत उभे आहेत; रंगो बापूजींच्या नावाची एक पाटी तरी या शहरात लागायला हवी. लंडनमधल्या मराठी मंडळींनी मनावर घेतलं तर ते अवघड नाही.

बुधवार

आजचा दिवस मी घरून निघतानाच ठरवून ठेवला होता. स्ट्रँडवर रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस, म्हणजे इथलं उच्च न्यायालय. 1882 मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलेली इमारत, एखाद्या चर्चसारखी टोकदार कमानींची. आत जायला कुणी अडवत नाही. मधल्या लांबलचक दालनात बाकावर बसलो. काळे झगे घातलेले वकील कागदांचे गठ्ठे घेऊन लगबगीने जात-येत होते. सौभाग्यवतींनी विचारलं, "इथं आपलं काय काम हाय?" तेव्हा तिला सगळी हकिगत सांगितली. वाचकांनाही सांगतो.

1948 चा सप्टेंबर. भारतीय फौजा 13 तारखेला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो तो याच तारखेला. त्याच धामधुमीत निजाम सरकारच्या नावे लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत असलेले दहा लाखांहून जास्त पौंड, नेमका आकडा 10,07,940, निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी पाकिस्तानचे लंडनमधले हाय कमिशनर रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवले. काही दिवसांतच निजामाने बँकेला कळवलं की हे आपल्या संमतीने झालेलं नाही, पैसे परत करा. बँकेने पैसे गोठवले.

मग सुरू झाली कोर्टबाजी. परक्या सार्वभौम देशावर इथे दावा चालत नाही, या मुद्द्यावर 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निजामाचा दावा थांबवला. रक्कम बँकेतच राहिली, व्याज चढत राहिलं. निजाम गेले, रहिमतुल्ला गेले, वेस्टमिन्स्टर बँकेचीही पुढे नॅशनल वेस्टमिन्स्टर बँक झाली. पुढे पाकिस्ताननेच पैशावर हक्क सांगत दावा लावला आणि त्याच्या सार्वभौमत्वाची ढाल गळून पडली. 2 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: पाकिस्तानचा हक्क नाही, पैसा भारत सरकारचा आणि निजामाच्या वारसांचा. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

हा पैसा आला कुठून? उदगीर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. 1956 च्या पुनर्रचनेत अहमदपूर, निलंग्यासह तो उस्मानाबादेत आला आणि 1982 मध्ये लातूर जिल्ह्यात. आमचं जळकोट तेव्हा त्याच उदगीर तालुक्यात होतं. आमच्या आज्याने शेतसारा भरला तो निजामाच्या हाली सिक्क्यात. सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजी रुपये). रझाकारांच्या काळात घरं सोडून पळालेली, हद्दीपलीकडच्या छावण्यांत राहिलेली माणसं तीच आणि खजिना भरणारी माणसंही तीच. त्या खजिन्याचा एक हिस्सा पौंड होऊन या गल्ल्यांमध्ये 71 वर्षं पडून राहिला.

सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी आपल्या सासऱ्यांचा पैसा व्हता." मला याहून अचूक निकाल सुचत नाही. भारत सरकारच्या वाट्याला जे आलं, त्यातला काही भाग मराठवाडा, तेलंगण आणि बीदर-कलबुर्गी भागातल्या गावांच्या शाळांना मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

गुरुवार

दिवसभर पाऊस. ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत शिरलो, तिथेही प्रवेश मोफत. दालनामागून दालनं, पाय दुखायला लागले. व्हॅन गॉगच्या 1888 च्या सूर्यफुलांपुढे मात्र सौ. थबकली. जवळ जाऊन एकेक फूल निरखलं. काही ताजी, काही पाकळ्या गळून नुसतं बियांचं बोंड उरलेली. "ही दोन काढणीला आलीत," ती म्हणाली. लातूरकडे एकेकाळी सूर्यफुलाचा पेरा भरपूर होता, आमच्या शेतातही असे. चित्राकडे असं बघणारं त्या दालनात दुसरं कुणी नसावं.

शुक्रवार

ऑल्डविचजवळ ह्यूटन स्ट्रीट ही अगदी अरुंद गल्ली. तिच्या दोन्ही अंगांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. 1916 मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे आले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतले आणि 1920 मध्ये स्वतः पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन पुन्हा आले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. प्रबंधाचा विषय रुपया: त्याचं मोल कशावर ठरतं, सरकार त्यात ढवळाढवळ करतं तेव्हा कुणाचं नुकसान होतं. हाली आणि कलदार यांच्या फरकात भरडला गेलेला मराठवाड्याचा शेतकरी त्या प्रबंधात नावाने नसेल, पण प्रश्न त्याचाच होता.

गल्लीत मुलं-मुली कॉफीचे पेले घेऊन पायऱ्यांवर बसली होती. निम्म्याहून अधिक चेहरे परदेशी. इथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा सन्मानाने ठेवला आहे. आमच्याकडे मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला 1978 ते 1994 अशी सोळा वर्षं लागली, माणसं मेली, घरं जळाली. त्या वर्षांत मी तरुण शिक्षक होतो. ह्यूटन स्ट्रीटवर ते सगळं आठवलं आणि पायऱ्यांवरून लवकर उठवेना.

दुपारनंतर बस धरून युस्टन रोडच्या ब्रिटिश लायब्ररीत. ही जागा वेस्टमिन्स्टरच्या हद्दीबाहेर, पण इंडिया ऑफिसचे कागद आता इथे आहेत, म्हणून हा फेरा. लाल विटांची प्रचंड वास्तू, अंगणात कंपास घेऊन वाकलेला न्यूटन. पासपोर्ट आणि घरच्या पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचकाचा पास विनामूल्य मिळतो. तिसऱ्या मजल्यावर आशिया-आफ्रिकेचं वाचनालय. इंडिया ऑफिसच्या कागदांची कपाटं एकापुढे एक मांडली तर सुमारे 14 किलोमीटर होतील.

मी आदल्या दिवशी मागवून ठेवलेला हैदराबाद संस्थानचा 1909 चा गॅझेटियर टेबलावर आला. त्यात बीदर जिल्हा, त्यात उदगीर. पान पिवळं, पण छपाई ठसठशीत. जमीन, पिकं, बाजार, किल्ला. ज्या मातीत वाढलो तिची नोंद या मजल्यावर, पेन आणू न देणाऱ्या खोलीत वाचली. संध्याकाळी वाचनालय बंद व्हायची सूचना होईपर्यंत जागचा हललो नाही.

शनिवार

आज लेक आणि जावईही सोबत. वेस्टमिन्स्टरचा पूल ओलांडला की उजवीकडे नदीकाठाने पायवाट जाते. डाव्या हाताला लांबलचक भिंत, तिच्यावर हाताने काढलेली लाखो लाल हृदयं. करोनात गेलेल्या एकेका माणसासाठी एकेक. काहींत नावं लिहिलेली, काही पावसाने फिकी झालेली. एक बाई ब्रशाने फिकं झालेलं हृदय पुन्हा रंगवत होती. आपल्या किल्लारीला 1993 च्या भूकंपाच्या त्या पहाटे गेलेल्या हजारो माणसांची नावं अशी कुठे एका जागी वाचायला मिळावीत, असं फार वाटलं.

भिंत संपली, लॅम्बेथचा पूल मागे पडला आणि नदीकाठच्या झाडांत समोर महात्मा बसवेश्वर. 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधान मोदींच्या हस्ते या पुतळ्याचं अनावरण झालं. मूळचे कलबुर्गीकडचे, लॅम्बेथचे माजी महापौर नीरज पाटील यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. पुतळ्याच्या पायाशी सुकलेला झेंडूचा हार होता; अक्षय तृतीयेची जयंती नुकतीच झालेली. सौ.ने चपला काढल्या, चौथऱ्याच्या ग्रॅनाइटला कपाळ टेकवलं आणि "शरणू शरणार्थ" म्हणाली. जवळून धावत जाणाऱ्या एका गोऱ्या तरुणाने थांबून आम्ही कोण, कुठले ते विचारलं. जावयाने त्याला सांगितलं: आमच्या गावाहून बसवकल्याण काही तासांवर, तिथे बाराव्या शतकात या माणसाने अनुभव मंटप भरवला, चांभार, नावाडी, मांग, ब्राह्मण, बाया, सगळे एका बैठकीत बसून वाद करायचे, अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू, बोलायला अक्कमहादेवी. तरुणाने पलीकडच्या संसदेकडे बघितलं आणि विचारलं, "बायकाही? तेव्हा?" या देशात बायकांना मताचा हक्क 1918 मध्ये मिळाला, तोही तीस वर्षांवरच्या आणि त्यातल्याही काहींनाच.

आमच्या भागात लिंगायत समाज मोठा. कपिलधारला मन्मथ स्वामींच्या यात्रेला पायी जाणारी माणसं घरोघर आहेत. त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल की जगातल्या या नावाजलेल्या संसदेसमोर नदीच्या काठावर बसवण्णा आहे? घरी फोन लावून भावाला पुतळा दाखवला. त्याने शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं.

रविवार

आज विश्रांती, पुढचा भाग ग्रीनिचचा. पण त्याआधी वाचकांना एक विनंती. आपल्या लातूर-नांदेडकडची पुष्कळ मुलं-मुली लंडनला शिकायला, नोकरीला आहेत. तुमच्या घरातलं, नात्यातलं कुणी असेल तर त्यांना एवढं सांगा: सुट्टीचा एक दिवस काढून ब्रिटिश लायब्ररीत जा, वाचकाचा पास घ्या, आपल्या तालुक्याचे निजामकाळातले कागद शोधा. स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला तिथे परवानगी आहे. ते फोटो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि आपल्या गावच्या शाळेला पाठवा.