इतिहासाच्या तासाला कर्जरोखा

शेती खात्यातल्या माणसाने इतिहासाच्या शिकवणीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण विस्तार अधिकाऱ्याचे काम असे असते की बियाणे, खत, फवारणी यांच्या निमित्ताने गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर पाऊल पडते. त्यात शाळेचा उंबराही आला. गेली तीस वर्षे हे फिरणे चालू आहे आणि एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसली. शेतकऱ्याच्या पोराला गणित अवघड जाते, इंग्रजीची धास्ती वाटते, पण इतिहासाचा त्याला कंटाळा येतो. सनावळ्या पाठ करायच्या, परीक्षेत उतरवायच्या आणि विसरून जायच्या. त्यात आपल्या शेताचे, आपल्या आज्यापणज्याचे काही असेल, हे त्याच्या गावीही नसते.

आता घरोघरी स्मार्टफोन आले आहेत. पोरे त्यात डोके खुपसून बसतात, ही आयाबायांची तक्रार खोटी नाही. पण त्याच फोनवर इतिहास शिकवण्याचे केवढे साहित्य पडले आहे, हे माझ्या भागातल्या एका शाळेच्या गुरुजींनी मला दाखवले. त्यांनी दहावीच्या मुलांसाठी १८७५ सालचे दख्खनचे दंगे हा विषय घेतला होता. मागच्या बाकावर बसून मी तो तास ऐकला.

गुरुजींनी आधी भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा लावला. मुलांनी त्यात सुपे गाव शोधून काढले. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी तिथे आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले.

असे का झाले? गुरुजींनी एकेक धागा उलगडला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध थांबले. भाव पडले, सावकारांनी हात आखडले. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला, कुठे दीडपट तर कुठे दुप्पट. त्याआधी १८५९ साली कायदा झाला होता की कर्जरोखा तीनच वर्षे चालेल. हेतू असा की व्याज साचत जाऊ नये. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेत. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचे. कायदा रयतेच्या भल्याचा, फायदा मात्र दुसऱ्याचाच!

मग गुरुजींनी एनसीईआरटीचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक पडद्यावर उघडले. ते इंटरनेटवर फुकट मिळते. त्यात १८७३ सालचा एका रयतेचा करार छापला आहे. त्याचा मतलब गुरुजींनी मराठीत सांगितला. या शेतकऱ्याने देण्यापोटी आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले. त्याच कागदात त्याच गाड्या, तेच बैल महिना चार रुपये भाड्याने परत घेतले. भाडे दिल्याची पावती सावकाराच्या हातची हवी. ती नसेल तर भाडे दिले, असा दावा आपण करणार नाही, हेही त्यानेच लिहून दिले.

वर्ग गप्प झाला. एक मुलगी उठून म्हणाली, "म्हणजे गुरुजी, स्वतःच्याच बैलांचं भाडं?" त्या दिवशी सनावळी कोणाला पाठ करावी लागली नाही.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटला. या दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. दोष सावकारांचा, सरकारी साऱ्याचा नाही, असा त्याचा निष्कर्ष. गुरुजींनी विचारले, "आयोग कोणी नेमला होता? सारा कोण वसूल करत होते?" मुलांना उत्तर शिकवावे लागले नाही. मग त्यांनी जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' सांगितला. तो १८८३ सालचा. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचा जाब सरकारलाही विचारला आहे. एकाच काळाचे दोन कागद, दोघांचे म्हणणे निराळे. दोन्ही वाचावे आणि मग ताडून पाहावे, हे मुले तिथे शिकली. पुढे १८७९ साली कायदा झाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, हेही त्यांना कळले.

त्या तासाला मला माझे आजोबा आठवत होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. एका कागदावर त्यांनी अंगठा उठवला आणि विहिरीकडची दोन एकर गेली. कागदात काय लिहिले होते, ते जमीन गेल्यावर कळले. आमच्या घरात त्या रानाचे नाव पुढे कोणी काढत नसे. आज आपली मुले सही करतात, पण वाचून करतात का? कर्जाचे कागद, विम्याचे अर्ज, कराराच्या शेतीचे मसुदे मी रोज पाहतो. शिकलेली पोरेही शेवटच्या पानावर बोट ठेवून "सही कुठे करू?" एवढेच विचारतात. कागद कोणी लिहिला, कोणाच्या सोयीने लिहिला, हे विचारण्याची सवय इतिहासाच्या तासाला लागते. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

साधने बरीच आहेत. बालभारतीची पुस्तके फोनवर फुकट उतरवता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा'वर धड्यांची चित्रफीत मिळते. मराठी विश्वकोश आहे. जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअर राज्याच्या दर्शनिका विभागाने खुली केली आहेत. ती इंग्रजीत आहेत, पण शिक्षकांच्या मदतीने आपल्या तालुक्याची शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची पिके, बाजार, दुष्काळ त्यात वाचता येतात. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आहे. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर पुष्कळ ठिकाणचे जुने सातबारे आणि फेरफार पाहायला मिळतात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. फोनवर इतिहासाच्या नावाने रोज काहीबाही फिरत असते. पिशवीवर लेबल नसलेले बियाणे आपण रानात टाकत नाही. मग लिहिणाऱ्याचे नाव नाही, साल नाही, कुठून घेतले ते नाही, असा मजकूर पोरांच्या डोक्यात का पेरावा? असल्या मजकुरापायी गावात भाऊबंद एकमेकांवर उठतात.

वडीलमंडळींना आणि मायबहिणींना एकच सांगणे आहे. येत्या सुट्टीत ट्रंकेतले जुने कागद काढून मुलांपुढे ठेवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली म्हातारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. त्यांचे बोलणे मुलांना फोनवर टिपून घ्यायला सांगा आणि गॅझेटिअरातल्या १८७६ च्या दुष्काळाशी ताडून पाहू द्या. कागद पुढेही सापडतील, ही माणसे मात्र दरसाल कमी होत चालली आहेत.