एकच बिजागरी

फेब्रुवारीतली सकाळ. कुंभारगावच्या काठावरून निघालेली नाव उजनीच्या पाण्यात शांत उभी होती. समोर रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून चरत होता. तेवढ्यात त्यांच्या मागून एक ऑस्प्रे आला. नावाडीदादांनी नुसतं बोट दाखवलं. लेन्स वर उचलायची म्हणून मी मोनोपॉडवरच्या बॉल हेडचा नॉब सैल केला. लेन्स वर गेलीच नाही. ती आधी उजवीकडे कलंडली, मग पुढे झुकली आणि सव्वातीन किलोंचं ते धूड खाडकन हेडच्या मानेवर आपटलं. मध्ये माझा डावा अंगठा होता.

ऑस्प्रे मासा घेऊन निघून गेला. नावाडीदादा म्हणाले, “दादा, पक्षी बघायला आलाय का ह्या दांडक्याशी भांडायला?”

एरवी मी हसलो असतो. पण ज्या अंगठ्याला जपण्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, तोच चिमटला होता.

झालं असं होतं की दोन वर्षांपूर्वी मी निकॉनची २००-५०० एमएम लेन्स सेकंडहँड घेतली. कॉलरसकट तिचं वजन २.३ किलो. त्यामागे डी-५०० बॉडी, ८६० ग्रॅम. खाली लावायची धातूची प्लेट धरली की सव्वातीन किलो. उजव्या हातात कॅमेऱ्याची ग्रिप असते, त्यामुळे लेन्सचा जवळजवळ सगळा भार डाव्या तळहातावर येतो. शनिवार-रविवार हे, आणि सोमवार ते शुक्रवार दहा-दहा तास कीबोर्ड. नोव्हेंबरात डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, कळ यायला लागली. चहाचा कप उचलताना यायची, दाराची कडी काढताना यायची. स्पेसबार मी कायम डाव्या अंगठ्यानं दाबतो, हे मला सत्ताविसाव्या वर्षी, दुखायला लागल्यावर कळलं.

डॉक्टरांनी मूठ मिटून मनगट खाली वाकवायला सांगितलं. मी ओरडलो. त्यांनी कागदावर ‘डी क्वेर्वेन’ असं लिहिलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरा असतात, त्यांच्या आवरणाला सूज आली होती. सहा आठवडे पट्टा आणि वजन उचलायचं नाही. “त्यानंतर?” मी विचारलं. “त्यानंतर काय उचलायचं ते तुम्हीच ठरवा,” ते म्हणाले. माझ्या कामाला माझे दोन्ही हात लागतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

लेन्स विकायची जाहिरात मी लिहून ठेवली होती. टाकली नाही. त्याऐवजी मोनोपॉड घेतला. ट्रायपॉड जास्त स्थिर, पण भिगवणच्या अरुंद नावेत तीन पाय पसरायला जागा कुठे? मोनोपॉडला एकच पाय. वजन जमिनीवर जातं, हातानं फक्त दिशा द्यायची.

मोनोपॉड निवडायला एक संध्याकाळ पुरली. वर बसवायच्या हेडनं तीन आठवडे खाल्ले. मी एक्सेल शीट केली. हेडचं वजन, किती किलो पेलतं, किंमत, नॉब किती, असे रकाने. आमच्या धंद्यातली खोड अशी की ज्यात पर्याय जास्त ते चांगलं वाटतं. बॉल हेड सगळ्या दिशांना फिरतं, कुठेही थांबतं, एकाच नॉबवर चालतं. शिवाय खोक्यावर छापलं होतं, ‘क्षमता १० किलो’. माझं वजन त्याच्या एक तृतीयांश. मी डोळे झाकून घेतलं.

नावेतून परतताना, रुमाल गुंडाळलेला अंगठा मांडीवर ठेवून, मी पहिल्यांदा त्या १० किलोंचा नीट विचार केला. बहुधा हा आकडा वजन बरोबर मधोमध, सरळ उभं असतानाचा असावा. माझी लेन्स पक्ष्यामागे वाकते. लेन्सचा गुरुत्वमध्य हेडच्या वळणाच्या बिंदूपासून साधारण दहा सेंटिमीटर वर धरा. लेन्स ३० अंश कलली की तो मध्य पाच सेंटिमीटर बाजूला सरकतो. म्हणजे पाच सेंटिमीटर लांबीच्या दांडीला सव्वातीन किलो टांगल्यासारखं झालं. सव्वातीन गुणिले पाच, सुमारे सोळा. आता हा पीळ अडवायचा कुणी? आतल्या गोळ्याच्या पृष्ठभागावरच्या घर्षणानं. माझ्या हेडमधला गोळा तीस मिलिमीटरचा, त्रिज्या दीड सेंटिमीटर. सोळा भागिले दीड, म्हणजे जवळजवळ अकरा किलोंचं घर्षण हवं. तेवढं घर्षण यायचं तर नॉब करकचून आवळायला हवा. स्क्रू मदत करतो, पण आवळायला सुरुवात होते माझ्या दुखऱ्या अंगठ्यापासून.

थोडक्यात, मनगटावरचा भार काढून मी तो अंगठ्यावर टाकला होता. नॉब आवळावा तर लेन्स हलत नाही, सैल करावा तर ती वाट्टेल त्या बाजूला पडते. मोठा गोळा असलेलं हेड जास्त चांगलं पकडतं, पण कुठल्या बाजूला पडायचं हे सैल झालेला गोळा कधीच विचारत नाही.

पुढच्या रविवारी पाषाण तलावावर एका मित्राचं गिंबल हेड लावून बघितलं. गिंबल म्हणजे लेन्ससाठी पाळणाच. त्यात लेन्सचा गुरुत्वमध्य थेट वळणाच्या आसावर आणता येतो. तोल एकदा जमला की हात काढा, लेन्स जिथे आहे तिथेच थांबते. एका बोटानं वर, एका बोटानं खाली. पंधरा मिनिटं मी नुसता हसत होतो. मग मोनोपॉड खांद्यावर टाकून चालायला लागलो आणि हसू गेलं. विंबर्लीच्या मोठ्या गिंबलचं वजन १.४ किलोंच्या आसपास असतं. मित्राचंही त्याच जातीचं होतं. सव्वातीन किलो हातातून काढायला निघालेला मी काठीच्या टोकावर आणखी दीड किलो चढवत होतो. मित्र म्हणाला, “अरे, हे ट्रायपॉडवर ठेवायचं असतं. मोनोपॉडवर ह्याचं अर्धं काम फुकट जातं.”

अर्धं कसं, ते घरी येताना बसमध्ये उलगडलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ पाठ केले होते, एखादी वस्तू किती स्वतंत्र प्रकारे हलू शकते त्याची मोजणी. मी मोजायला बसलो. लेन्स डावीकडून उजवीकडे न्यायची? मोनोपॉड एका पायावर उभा आहे, तो स्वतःच गोल फिरतो. गिंबलचं आडवं वळण म्हणूनच फुकट जात होतं. कॅमेरा आडव्याचा उभा करायचा? त्यासाठी लेन्सच्या कॉलरचा स्क्रू आहे. कॉलर सैल करा, कॅमेरा फिरवा, लेन्सचा पाय तसाच खाली. नाव डुलून क्षितिज थोडं तिरकं झालं? काठी थोडी कलती करा. उरलं काय? फक्त वर-खाली. तीन आठवडे मी सगळ्या दिशांचं स्वातंत्र्य देणारी वस्तू शोधत होतो. मला कमी पडत होती एकच हालचाल.

मग हेड हवंच कशाला, अशीही शंका आली. लेन्सचा पाय थेट मोनोपॉडच्या स्क्रूवर बसवला आणि गच्चीवर घारी टिपायला उभा राहिलो. बसलेल्या पक्ष्यांसाठी हे झकास. वजन कमी, पडायला काही सैल नाही. पण ३० अंश वर बघायचं तर अख्खी काठीच ३० अंश मागे कलवावी लागते. दीड मीटरच्या काठीचा पाय पाऊण मीटर पुढे जातो आणि व्ह्यूफाइंडर वीस सेंटिमीटर खाली येतो. गच्चीवर मी गुडघे वाकवले. नावेत पाऊण मीटर पुढे दुसरा माणूस बसलेला असतो.

शेवटी टिल्ट हेड घेतलं. दिसायला अगदीच साधं. एक बिजागरी, ती आवळायला एक लांब दांड्याची खिट्टी, वर प्लेट पकडणारा क्लॅम्प. दार जसं एकाच आसावर उघडतं तशी लेन्स फक्त वर-खाली होते. बाजूला पडूच शकत नाही, कारण तिकडे जायला रस्ताच ठेवलेला नाही. आणि खिट्टी तळहातानं ढकलता येते, अंगठा लागत नाही. माझ्या शीटमध्ये ‘अंगठा’ असा रकानाच नव्हता.

तरी पहिल्या दिवशी गडबड झालीच. लेन्स वर-खाली व्हायच्या ऐवजी डावी-उजवीकडे कलायला लागली. क्लॅम्प बसवून आला होता तो कॅमेऱ्याच्या बॉडीसाठी. बॉडीखालची प्लेट आडवी असते, लेन्सच्या पायाखालची प्लेट लेन्सच्या लांबीला धरून उभी. मधला स्क्रू काढून क्लॅम्प ९० अंश फिरवला आणि काम झालं. टिल्ट हेड घेताना हे आधी विचारा: क्लॅम्प फिरवून बसवता येतो का? दुसरं, प्लेट. एकाच स्क्रूवरची प्लेट पिळानं हळूहळू फिरते, तेव्हा तिला कडेला अडवणारा ओठ हवा किंवा दोन स्क्रू हवेत. तिसरं, तोल. प्लेट क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवून बघा, लेन्स सैल सोडली तरी नाक खाली टाकणार नाही अशी जागा सापडते. माझ्या प्लेटवर त्या जागी मी नेलपेंटची रेघ मारली आहे.

टिल्ट हेड म्हणजे गिंबल नव्हे. वजन बिजागरीच्या वरच असतं, त्यामुळे पूर्ण सैल केलं तर लेन्स पुढे किंवा मागे झुकणारच. म्हणून खिट्टी कधी पूर्ण उघडत नाही. हातानं ढकललं तर हलेल, सोडलं तर थांबेल, इतपतच. लेन्सचा पट्टाही खांद्यावर राहू देतो.

मार्चच्या शेवटी पुन्हा भिगवण. तेच नावाडीदादा. त्यांनी आधी माझ्या अंगठ्याकडे बघितलं, मग काठीकडे. “नवीन आणलंय वाटतं?” मी म्हणालो, “जुन्यापेक्षा साधं आहे.” नऊच्या सुमाराला ऑस्प्रे आला. मी तळहातानं खिट्टी थोडी ढकलली, लेन्स वर गेली, नुसती वर. त्याच्यामागे काठी आपोआप फिरली. त्यानं पाण्यात झेप घेतली, मासा घेतला आणि वळला. माझ्याकडे अकरा फ्रेम आल्या. नऊ धूसर, एकीत नुसती पाठ, एकीत पंख कापलेला. नावाडीदादांना स्क्रीन दाखवली. “मासा दिसतोय की,” ते म्हणाले. तेवढं खरं होतं.

सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला. स्टँडअप झालं, एक जुना बग सापडला, दुपारपर्यंत टाईप करत राहिलो. जेवायला उठताना लक्षात आलं, सकाळपासून अंगठ्याची एकदाही आठवण झाली नव्हती. लेन्स विकायची जाहिरात अजून ड्राफ्टमध्ये पडून होती, ती तेवढी डिलीट केली.