गावाचे शहर होते तेव्हा

जळकोटला निघालो असे कोणाला सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला: "कोणत्या?" कारण आपल्या मराठवाड्यात जळकोट दोन आहेत. एक तुळजापूर तालुक्यातले, नळदुर्गाजवळ, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे. दुसरे लातूर जिल्ह्यातले, नांदेडच्या सीमेला टेकलेले. पहिले जळकोट जाता जाता गाडीच्या खिडकीतून दिसते. दुसऱ्याला मुद्दाम जावे लागते. मी मुद्दाम गेलो.

लातूरहून उदगीरला यावे आणि तिथून गाडी बदलावी. उदगीर म्हटले की शाळेतले १७६० साल आठवते, सदाशिवरावभाऊ आठवतात आणि निजामाशी झालेली लढाई आठवते. शहर मागे पडले की बालाघाटाचे चढउतार सुरू होतात. कुठे माळ, कुठे काळे रान, सोयाबीन आणि तूर. शेजारी बसलेल्या तरुणाने माझ्या पिशवीकडे पाहून विचारले, "कुठं जाऊ लालाव, मामा?" हे 'लालाव' ऐकले, की आपण लातूर-उदगीरच्या मुलखात आहोत हे पाटी न वाचताही कळते. पुणेरी कानाला ते प्रथम खटकते, पण दोन दिवसांत त्यातला गोडवा असा लागतो की परत आल्यावर घरची मंडळी हसतात.

जळकोट १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झाले. तहसील कचेरी आली, पंचायत समिती आली; गावोगावची माणसे दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी इकडे येऊ लागली. २०१४ साली राज्य सरकारने ठरवले, की तालुक्याच्या ज्या ज्या ठिकाणी अजून ग्रामपंचायत आहे, तिथे तिथे नगरपंचायत करावी. त्या धोरणात जळकोटचीही पाटी बदलली. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. वॉर्डाचे प्रभाग झाले. गावाचे शहर झाले!

आता यात वाईट काय, असे वाचक विचारतील. वाईट काहीच नाही. शहराला निधी मिळतो, नळयोजना, रस्ते आणि दिव्यांचे प्रस्ताव जातात. पण पाटी बदलताना एक वस्तू मागे राहिली, ती फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या कायद्यात गावच्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत बसण्याचा हक्क आहे. २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला झेंडावंदन झाले, की धोतर सावरत एखादे आजोबा उठत आणि सरपंचाला तोंडावर विचारत, "हातपंपाचे पैसे कुठं गेले, बाबा?" सभा गोंधळात संपे, कधी कोरमअभावी भरतच नसे, पण विचारायला जागा होती. नगरपंचायतीला ग्रामसभा नाही. प्रश्न विचारायचे ते सतरा नगरसेवकांनी; आपण त्यांना निवडून द्यायचे आणि घरी बसायचे.

मग घरी बसलेल्या नागरिकाच्या वतीने कोण विचारणार? आपण चटकन म्हणतो, "वर्तमानपत्र!"

या भागात त्या शब्दाला फार जुनी किंमत आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. चार माणसे जमवून सभा घ्यायची तरी परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले, ते राज्याच्या हद्दीबाहेर, पुण्याहून. निजाम सरकारने बंदी घातली, की ते पत्राचे नाव बदलत आणि नव्या नावाने तोच मजकूर पुन्हा सरहद्दीच्या आत पोहोचवीत. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याच लातूरचा वकील. त्या रझाकारांविरुद्ध लिहिणारा हैदराबादचा तरुण उर्दू संपादक, 'इमरोज'चा शोएबुल्ला खान, ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेला. महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. दरसाल त्या दिवशी मराठवाड्यात झेंडा लागतो. त्या झेंड्याखाली उभे राहताना एका संपादकाचीही आठवण व्हायला हवी.

हे सारे मनात घोळवत एका हॉटेलात सुशीला खात बसलो होतो. सुशीला म्हणजे चुरमुऱ्यांचा तिखट फोडणीचा प्रकार, मुंबईकरांनी उगाच दचकू नये! समोरच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत होते. बोलणे निघाले. ते जळकोटचे नव्हेत. मेहुण्याकडे आले होते. आपल्या गावात वर्तमानपत्राचे वार्ताहर. कोणते गाव आणि कोणते पत्र, हे छापायचे नाही या अटीवर ते मोकळे झाले. आपण त्यांना तात्या म्हणू.

"वार्ताहर म्हणजे काय, सांगतो," तात्या म्हणाले. "पहाटे मीच गठ्ठा उतरवतो, मीच वाटतो. दुपारी बातमी पाठवतो. आणि दिवाळी आली की मीच जाहिराती गोळा करतो. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. आता गावात मोठी जाहिरात देणार कोण? पुढारी आणि गुत्तेदार. आणि बातमी लिहायची कोणावर?"

"त्यांच्यावरच," मी म्हणालो.

"मग लिहा बरं!"

पण तात्यांनी एकदा लिहिले होते. गावात दिवे बसले, बिल निघाले आणि अर्धे खांब अंधारातच. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला, तीस दिवसांत कागद मिळाले, बातमी छापून आली. त्या वर्षी पुढाऱ्याची पानभर जाहिरात आली नाही. "घरी सांगितलं, यंदा लेकीला ड्रेस नाही." दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार आला, मग शिंपी, मग पिठाच्या गिरणीवाला, मग शाळेतल्या बाई. चार चार ओळींच्या छोट्या शुभेच्छा. पान भरले नाही, पण ड्रेस आला.

माझे डोळे पाणावलेले पाहून तात्या म्हणाले, "थांबा, मी काही साधू नाही. एकदा ऐकीव गोष्टीवर एका गुत्तेदाराविरुद्ध छापलं. ते खोटं निघालं. पुण्या-मुंबईचा संपादक चुकला तर वाचक पत्र पाठवतो. माझा वाचक सकाळी चहाच्या गाडीवर उभा असतो. तो माणूस काही बोलला नाही, नुसता अंक माझ्या पुढ्यात ठेवून गेला. दुरुस्ती छापायला लावली, तीही त्याच पानावर. अन् तो अंक त्याच्या घरी मीच नेऊन दिला."

वर्तमानपत्रांविरुद्ध दाद मागायला दिल्लीत प्रेस कौन्सिल आहे. २००९ च्या निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१० साली त्या कौन्सिलनेही अहवाल केला. पण दिल्ली लांब आहे, चहाची गाडी जवळ. लहान गावात जाब विचारणारा आणि देणारा उद्या सकाळी पुन्हा समोरासमोर येणार असतात. त्याने माणूस भितो, हे खरे. पण जपून आणि खरे लिहायलाही शिकतो.

परतीच्या गाडीत हिशेब केला. नगरपंचायतीचे नगरसेवक सतरा. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक कचेरीने कोणी न मागता जाहीर करायच्या बाबीही सतराच! त्यांत अंदाजपत्रक आले, लाभार्थी आले, अधिकाऱ्यांची नावे आली. ग्रामसभा गेली, पण विचारण्याचा हक्क गेला नाही. तो आता दहा रुपयांच्या अर्जात आहे, आणि शिंप्याच्या चार ओळींत आहे.

तात्या उदगीरपर्यंत सोबत होते. उतरताना म्हणाले, "मामा, तुमच्या शहरात तुमच्या नगरसेवकाचं नाव काय?"

गाडी सुटली म्हणून मी वाचलो. घरी आल्यावर आधी ते नाव शोधून काढले.